कोयनेचा जेलीफिश, मालवणचा जेलीफिश

विष्णुपुरीच्या माणसाला पाण्याची भीती माहीत असते ती एकच, पुराची. बंधाऱ्याचे दरवाजे उघडले की गोदावरी कशी फुगते, नांदेडच्या घाटांवर पाणी किती पायऱ्या चढतं, याचा हिशेब इथल्या पोरासोरांनाही तोंडपाठ. पण पाण्यात उतरल्यावर पाण्यातलंच काही अंगाला झोंबेल, ही कल्पना आमच्या बाजूला नाही. काळेश्वराच्या देवळापाशी दर्शनाआधी लोक पाय धुतात, मुलं डुंबतात, म्हशी तासन्‌तास बसून राहतात. त्यामुळे दिवाळीनंतर मालवणला जायचं ठरलं आणि कुणीतरी म्हणालं, "जपून हो, तिकडं समुद्रात जेलीफिश आलेत," तेव्हा भाचा नुसता हसला. तो विष्णुपुरीच्याच वैद्यकीय महाविद्यालयात शिकतो. त्याच्या मते हे सगळं पुस्तकातल्या एका तळटीपेचं प्रकरण होतं.

मला मात्र जेलीफिशमध्ये आधीपासून रस होता, आणि तो समुद्रामुळे नव्हे, नदीमुळे. म्हणून आम्ही कोल्हापूरवरून सरळ उतरायचं सोडून कऱ्हाड, कोयना, कुंभार्ली घाट, चिपळूण असा वळसा घेतला.

आमच्या विष्णुपुरीची ओळख उलट्या पाण्याची. शंकरराव चव्हाणांच्या पुढाकारातून उभा राहिलेला इथला प्रकल्प उपसा सिंचनाचा. नदी खाली आणि शेतं वर, म्हणून पंप लावून पाणी चढवायचं. बंधाऱ्यामागच्या जलाशयाला त्यांच्याच नावावरून शंकरसागर म्हणतात. मराठवाड्याचं सागराशी नातं काय ते एवढंच, नावापुरतं. बाकी गोदावरी आमच्याकडे पाठ करून पूर्वेला जाते ती थेट बंगालच्या उपसागरात. अरबी समुद्र नकाशावर जवळ दिसतो, पण आमचं पाणी त्याच्याकडे कधी वळत नाही.

लातूर, औसा, तुळजापूर हा रस्ता नेहमीचा. औसा तालुक्यातून जाताना गाडीतली पन्नाशीपुढची माणसं आपोआप किल्लारीवर येतात. 30 सप्टेंबर 1993 ची, भूकंपाची पहाट. आदल्या दिवशीची अनंत चतुर्दशी. विसर्जन करून गाव नुकतं निजलेलं. भाच्याचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता, पण घरोघरी ऐकून त्यालाही सगळं ठाऊक. सोलापूरनंतर सांगोल्याची डाळिंबं आणि विट्याची गलाई माणसं, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरलेली मंडळी, यांच्यावर बोलत बोलत कऱ्हाड आलं. प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात. तिथून पाटणकडे निघालो की कोयनेचं खोरं सुरू होतं. दोन्ही अंगांना डोंगर जवळ सरकत येतात आणि सपाटीच्या माणसाला उगाच कोंडल्यासारखं वाटायला लागतं.

याच खोऱ्यात आणि शेजारच्या वेण्णेच्या खोऱ्यात, म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या कृष्णेच्या उपनद्यांत, 1911 च्या सुमारास गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे नेल्सन ॲनंडेल यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि नाव ठेवलं 'लिम्नोक्निडा इंडिका'. यामागे ज्या तरुणाची पायपीट होती तो मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातला शंकर पुरुषोत्तम आघारकर. सह्याद्रीतले ओढे धुंडाळत तो वनस्पती आणि प्राणी गोळा करत होता. या जातकुळीचा जेलीफिश तोवर फक्त आफ्रिकेतला म्हणून माहीत होता. तो साताऱ्याच्या डोंगरात कसा, या प्रश्नाने विद्वानांचे कान टवकारले. 1912 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्याची नोंद आली. हेच आघारकर पुढे कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. 1946 मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी राहिली ती त्यांच्याच धडपडीतून. आज त्या संस्थेला आघारकर संशोधन संस्था म्हणतात.

आणि या आघारकरांचा जन्म कुठला? मालवणचा, 18 नोव्हेंबर 1884 चा. समुद्रकाठच्या गावात जन्मलेल्या माणसाने जेलीफिश शोधावा तो समुद्र सोडून डोंगरात, ही गोष्ट वाचल्यापासून माझ्या डोक्यात बसली होती.

हेळवाकला चहाला थांबलो. खाली कोयना वाहत होती. जेलीफिश दिसण्याचा प्रश्नच नव्हता. तो उन्हाळ्यात दिसतो, प्रवाह मंदावून नुसते डोह उरतात तेव्हा. आकार नाण्याएवढा, अंग पारदर्शक, आणि माणसाला त्याचा काही त्रास नाही. बाकीचं वर्ष तो दगडांना चिकटलेल्या सूक्ष्म अवस्थेत काढतो. जेलीफिशचं आयुष्य असं दुहेरी असतं. एक अवस्था बुडाला घट्ट रुजलेली, दुसरी पाण्यावर तरंगणारी छत्री. रुजलेल्या अवस्थेत तो वर्षानुवर्षं वाट पाहू शकतो. पाणी, ऊब आणि खाणं जमून आलं की एकदम थव्याने छत्र्या सोडतो. काल काहीच नव्हतं आणि आज पाणी भरलंय, असं किनाऱ्यावरची माणसं म्हणतात ते यामुळेच.

हेळवाकच्या वर कोयनेचं धरण. इथेही भूकंपाची पहाट आहे, 11 डिसेंबर 1967 ची. किल्लारीच्या रस्त्याने आलेल्या माणसाला ती तारीख नुसती ऐकून सोडता येत नाही. पण मला जास्त नवल वाटलं ते पाण्याच्या वाटेचं. कोयना स्वभावाने पूर्ववाहिनी. तिचं पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जायचं. धरणाने त्यातलं बरंचसं बोगद्यांतून पश्चिमेला वळवलं. कड्यावरून खाली सोडून त्यावर 1,960 मेगावॉट क्षमतेची वीजघरं चालतात आणि मग ते पाणी वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीला, अरबी समुद्राला मिळतं. आम्ही विष्णुपुरीला वीज खर्चून पाणी वर चढवतो. इथे पाणी खाली टाकून वीज घेतात. कुंभार्ली घाट उतरताना पाणीही आमच्याच दिशेने, डोंगराच्या पोटातून, उतरत होतं.

चिपळूण, रत्नागिरी, राजापूर ही गावं एका सपाट्यात मागे पडली. कोकणच्या रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते लिहून झालेलंही पुष्कळ आहे.

मालवणात पहिली सकाळ सिंधुदुर्गाची. 25 नोव्हेंबर 1664 ला शिवाजी महाराजांनी किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा करून कुरटे बेटावर या किल्ल्याचा पाया घातला. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली तीनेक वर्षांत तो उभा राहिला. 48 एकरांचा हा पसारा, आणि सगळ्या बाजूंनी खारं पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. मराठवाड्यातून आलेला माणूस तटबंदीपेक्षा या विहिरींपाशीच जास्त वेळ रेंगाळतो. होडीतून परतताना धक्क्याजवळच्या हिरवट पाण्यात पहिला जेलीफिश दिसला. हातभर खोलीवर एक फिकट गोल आकसत होता, सैल होत होता. पाण्याचं तोंड फिरेल तिकडे तो जात होता. जेलीफिश पोहतो खरा, पण ते पोहणं वरखाली होण्यापुरतं. कुठल्या किनाऱ्याला लागायचं हे वारा आणि प्रवाह ठरवतात. तांडेलाने एकदाच मान वळवून पाहिलं आणि वल्हं दुसऱ्या अंगाला घेतलं.

खरी गाठ पडली दुसऱ्या दिवशी, दांडीच्या बाजूला रापण ओढत होते तिथे. रापण हा या किनाऱ्यावरचा जुना सामुदायिक मासेमारीचा प्रकार. होडीतून जाळं समुद्रात नेऊन अर्धवर्तुळात सोडतात, त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर दोन रांगांनी धरतात आणि मग माणसं पाठीमागे रेलत, पावलापावलाने ते आत ओढत आणतात. यात दोन-तीन तास सहज जातात. म्हातारे, पोरं, बायका, सगळ्यांचे हात दोराला. मासळी आली की वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, माणसाचा वाटा. गाबीत समाजातल्या कित्येक कुटुंबांचं वर्ष या वाट्यांवर चालत आलेलं आहे. पावसाळ्यातली मासेमारीबंदी संपते, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ जातो, आणि पुढचे थंडीचे महिने रापणीचे.

जाळं जवळ येऊ लागलं तसा ओढणाऱ्यांचा आवाज बदलला. बांगड्याचा किंवा तारलीचा थवा अडकलेला असला की पाणी फुटतं, चांदी उसळते, असं मला आदल्या रात्री सांगितलेलं होतं. इथे पाणी गप्प होतं आणि दोर मात्र जड. जाळ्याचा घोळ वाळूवर आला तेव्हा त्यात मासळीपेक्षा जेलीफिशच जास्त होते.

दोन जातींचे होते. एक जाडजूड, दुधी रंगाचा, परातीएवढा. काठाला तंतू नाहीत, खाली कोबीच्या पानांसारखे दाट मुरडलेले आठ बाहू. दुसरा त्याहून लहान पण देखणा. तपकिरी झाक असलेली छत्री, काठापासून लोंबणारे लांबच लांब बारीक तंतू, आणि मधोमध झालरीसारखे बाहू. पहिला हाताला जरासा चुरचुरतो. पर्यटकांना फोडून काढतो तो दुसऱ्या पठडीतला. माझ्या पायापाशी पडलेल्या एका दुधी छत्रीखाली बोटाच्या पेराएवढे चार-पाच मासे तडफडत होते. कोवळी मासळी शत्रूपासून लपायला जेलीफिशच्या पदराखाली शिरते, हे वाचलं होतं. तिने आसरा घेतला होता आणि आसऱ्यासकट ती जाळ्यात आली होती. एका पोराने ती वेचून पाण्यात टाकली.

बाकीचं काम वैतागाचं. जेलीफिशच्या अंगात शेकडा पंचाण्णव हिस्सा पाणीच असतं, त्यामुळे त्याचं वजन सगळं ओझ्याचं, बाजारात त्याला दाम नाही. जाळं फाटतं, आसांत बुळबुळीत चिकटा अडकून राहतो, त्यातून तुटलेले तंतू हाताला झोंबतात, आणि जी थोडी मासळी मिळाली ती निवडेपर्यंत नरम पडते. एक म्हातारा रापणकार टोपली उलटी करून तिच्यावर बसला होता. मी विचारलं, हे अंगावर येतात का? तो म्हणाला, "तेका डोक्याच नाय, तर राग खंयचो येतलो?"

प्राणिशास्त्राच्या पुस्तकात हेच जास्त शब्दांत दिलेलं असतं. जेलीफिशला मेंदू नाही, हृदय नाही, हाडं नाहीत. पाचशे दशलक्ष वर्षांपूर्वीच्या खडकांत त्याचे ठसे सापडतात, म्हणजे माशांच्या बहुतेक घराण्यांपेक्षा तो जुना. त्याच्या तंतूंवर हजारो सूक्ष्म दंशपेशी असतात. प्रत्येकीत एक गुंडाळलेली पोकळ नळी, आणि ती प्रचंड दाबाखाली कोंडलेली. काही घासलं की झाकण उघडतं आणि नळी सुटून समोरच्याच्या कातडीत विष सोडते. याच कुळातला हायड्रा अकरावी-बारावीत आपण सगळ्यांनी आकृती काढून सोडून दिलेला असतो. त्याच्या दंशपेशीचा वेग शास्त्रज्ञांनी मोजला तेव्हा सुरुवातीचा झटका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळात आटोपतो असं दिसलं. निसर्गातल्या सर्वांत चपळ हालचालींपैकी ही एक. ती घडवायला प्राण्याची इच्छा लागत नाही, एवढंच काय, प्राणी जिवंत असावाही लागत नाही. वाळूवर मरून पडलेल्या जेलीफिशच्या, तुटून वाहत आलेल्या तंतूच्याही पेशी भरलेल्याच असतात.

याचा पुरावा भाच्याने त्याच दुपारी दिला. तारकर्लीकडे जाताना तो गुडघाभर पाण्यात उभा होता. आसपास एकही छत्री दिसत नव्हती. एकाएकी त्याने पाय झटकला आणि ओरडत बाहेर आला, "मामा, लई जळायलंय!" नडगीवर तीन तांबड्या रेघा उठल्या होत्या; निरखून पाहिलं तर रेघा सलग नव्हत्या, मण्यांची माळ दाबल्यासारखे ठिपक्यांना ठिपके लागलेले. त्यातल्या एका रेघेवर दोऱ्यापेक्षाही बारीक, जवळजवळ न दिसणारा तंतू चिकटलेला होता.

लगेच सल्लागार जमले. एकाने पिण्याच्या पाण्याची बाटली उघडली, दुसरा वाळूने चोळ म्हणाला, तिसऱ्याने लघवीचा सुप्रसिद्ध उपाय सुचवला. मासळी निवडणाऱ्या एका बाईने सगळ्यांना बाजूला सारलं. समुद्राचंच पाणी तांब्याने पायावर सोडलं, माडाच्या हिराची काडी घेऊन तंतू अलगद उचलून टाकला, आणि चहाच्या टपरीकडे पोराला पिटाळून कढत पाण्याची बादली मागवली. पाय त्यात बुडवून ठेवायला लावला, सोसेल इतपतच गरम. वीस-पंचवीस मिनिटांनी भाच्याचा चेहरा सुटला.

त्या बाईने जे केलं ते आजच्या वैद्यकीय सल्ल्याशी बरंचसं जुळतं, हे भाच्यानेच रात्री मान्य केलं. गोड्या पाण्याने न फुटलेल्या दंशपेशीही फुटू शकतात. चोळल्याने तर हमखास. म्हणून धुवायचं ते खाऱ्या पाण्याने, तंतू काढायचे ते चिमट्याने किंवा काडीने, उघड्या बोटांनी नाही. साधारण 45 अंशांपर्यंतच्या गरम पाण्याने वेदना उतरते. व्हिनेगर सगळ्या जातींना सारखं लागू पडत नाही. ऑस्ट्रेलियाच्या बाजूच्या घातक पेटीवजा जेलीफिशवर ते वापरतात, इतरत्र त्याबद्दल मतभेद आहेत. लघवी ही निव्वळ अफवा. आणि श्वास लागला, ओठ-चेहरा सुजला, छातीत दुखू लागलं किंवा वळ अंगभर उठले, तर काडी-बादलीत वेळ न घालवता दवाखाना गाठायचा.

विषाला अंगाची तीव्र उलट प्रतिक्रिया येते तिला वैद्यकात ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. तिचा शोधही याच प्राण्यांच्या नादातून लागला. 1901 मध्ये मोनॅकोच्या राजाच्या जहाजावर फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल रिशे आणि त्यांचे सहकारी पोर्तिए 'पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर' या जेलीफिशच्या भाईबंदाचं विष तपासत होते. परत आल्यावर त्यांनी समुद्रफुलांच्या विषाचे प्रयोग केले. पहिला डोस पचवलेला कुत्रा दुसऱ्या, अगदी किरकोळ डोसाने दगावला, आणि त्यातून हा शोध निघाला. रिशेंना त्याबद्दल 1913 चं नोबेल मिळालं. भाच्याने ॲनाफिलॅक्सिसवर परीक्षेत उत्तर लिहिलेलं होतं; त्याच्या मुळाशी कोण होतं ते त्याला पाय बादलीत ठेवल्यावर कळलं.

कोकण आणि दंश म्हटलं की मराठवाड्याच्या माणसाला आणखी एक नाव आठवायलाच हवं. भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीला सरकारी दवाखान्यात आले तेव्हा कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसं पटापट मरत. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध त्यावर चालतं हे त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून दाखवून दिलं, 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, आणि मृत्यूचं प्रमाण पार खाली आणलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विंचवाला आपल्या मातीतला असा अभ्यासक मिळाला. जेलीफिशच्या दंशाचं आपल्याकडे अजून तसं कुणी मनावर घेतलेलं दिसत नाही. कारण उघड आहे. या किनाऱ्यावर त्याने सहसा जीव जात नाही, आणि ज्यांना तो रोज डसतो ते दवाखान्यात येत नाहीत.

गाजावाजा होतो तो शहरात. ऑगस्ट 2018 मध्ये मुंबईच्या जुहूसह इतर चौपाट्यांवर दीडशेच्या आसपास लोकांना दंश झाल्याच्या बातम्या होत्या. ते काम पोर्तुगीज मॅन ऑफ वॉरचं. निळ्या-जांभळ्या फुग्याचा हा प्राणी खरं तर जेलीफिश नव्हेच. एकमेकांत गुंतलेल्या अनेक जीवांची ती वसाहत असते. फुगा पाण्यावर शिडासारखा उभा राहतो आणि खाली कित्येक मीटर तंतू सुटलेले असतात. पावसाळी वारा समुद्रावरून जमिनीकडे वाहतो, त्यामुळे हे फुगे नेमके श्रावणात किनाऱ्याला लागतात. गंमत म्हणजे काहींचं शीड डावं असतं, काहींचं उजवं. त्यामुळे एकाच वाऱ्यात निम्मे एकीकडे जातात, निम्मे दुसरीकडे. चौपाटीवर पोरं त्यांना फुगे समजून उचलतात. सप्टेंबर 2013 मध्ये गणेश विसर्जनाला गिरगावात कित्येक भाविकांना पाकटांनी काटे मारले, आणि तेव्हापासून विसर्जनाच्या दिवसांत पाकट आणि जेलीफिश यांपासून सावध राहा, अनवाणी पाण्यात जाऊ नका, असं मुंबई महापालिका वरचेवर बजावते. गोव्यात नोव्हेंबर 2020 मध्ये तर दोन दिवसांत नव्वदहून अधिक पर्यटकांना जेलीफिश डसल्याची नोंद जीवरक्षकांनी केली. बागा, कांदोळी, शिकेरी ही ठिकाणं त्यात आघाडीवर.

मालवणहून देवबाग. एका हाताला कर्ली नदी, दुसऱ्या हाताला समुद्र आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. तिथून पुढे वेंगुर्ल्याला निघालो. वाटेत जो भेटेल त्याला मी एकच विचारत होतो, जेलीफिश पूर्वीपेक्षा वाढलेत का? उत्तर सगळीकडे हो. आणि दोष सगळीकडे पर्ससीन आणि एलईडीवाल्यांना. हा इथला जुना तंटा आहे. पर्ससीन जाळी एका वेढ्यात थवेच्या थवे उचलतात आणि रापणीपर्यंत काही पोचू देत नाहीत, असं पारंपरिक मच्छीमार म्हणतात. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर राज्य सरकारने फेब्रुवारी 2016 मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, आणि 2017 मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीला बंदी केली. बंदी कितपत पाळली जाते हे बंदरावर विचारू नये. विचारलं तर तासभर तिथून हलता येत नाही.

त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. जेलीफिश आणि तारलीसारखी मासळी एकाच ताटातलं, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव, खातात. मासळी उपसली की ताट जेलीफिशला मोकळं. शिवाय माशांची अंडी आणि पिल्लंही तो गिळतो, म्हणजे मासळी परत वाढायची वाटही अडवतो. समुद्र तापणं, नदीनाल्यांतून खतं आणि सांडपाणी येणं, धक्के-बंधारे बांधून त्याच्या रुजलेल्या अवस्थेला नवे आधार मिळणं, ही कारणंही शास्त्रज्ञ सांगतात. पण 2013 मध्ये जगभरच्या जुन्या नोंदी एकत्र तपासून काही संशोधकांनी असंही दाखवलं की जेलीफिशची संख्या सुमारे वीस वर्षांच्या फेऱ्यात चढते-उतरते, आणि आपल्याला दिसते ती वाढ काही अंशी चढती बाजू असू शकते. दोन्ही खरं असायला हरकत नाही. फेरा आपल्या जागी, पण प्रत्येक फेऱ्यात समुद्रात मासे किती उरलेत यावर पुढचं ठरणार.

जिथे हा प्रश्न हाताबाहेर गेला तिथल्या गोष्टी नवलाच्या आहेत. जपानजवळच्या समुद्रात नोमुरा नावाचा जेलीफिश दोन मीटर रुंद आणि दोनशे किलोपर्यंत भरतो. 2009 मध्ये अशा जेलीफिशनी भरलेलं जाळं ओढताना एक दहा टनी नौका उलटली. फ्रान्समधल्या ग्रावलिन अणुवीज केंद्रात ऑगस्ट 2025 मध्ये पाणी ओढणाऱ्या गाळण्यांत जेलीफिश शिरले आणि चार अणुभट्ट्या आपोआप बंद पडल्या. आपल्याकडे कल्पक्कमच्या केंद्राला हा ताप जुना आहे. सगळं अंग पाण्याचं, पण अणुभट्टी थांबवतो.

वेंगुर्ल्यात डचांच्या वखारीचे अवशेष पाहून बंदरावर आलो. जवळच्या वायंगणीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि गावकरी ती घरटी राखतात. राखणदारीतला एक तरुण तिथे भेटला. कासव जेलीफिश खातं, हे त्याने मला सांगितलं. समुद्रात तरंगणारी प्लॅस्टिकची पिशवी त्याला जेलीफिशच वाटते आणि ती गिळून ते मरतं, हेही सांगितलं. म्हणजे जेलीफिशचा एक वैरी आपणच कमी करतो, तोही त्याच्याच सोंगाने.

त्याच्यासोबत आलेल्या मच्छीमाराला मी माझ्याकडची एक माहिती दिली. चीनमध्ये आणि त्याच्या आसपासच्या देशांत जेलीफिश आवडीने खातात. मीठ आणि तुरटी लावून तो मुरवतात, पाणी निथळू देतात, मग त्याची कुरकुरीत कोशिंबीर होते. केरळात, आंध्रात, गुजरातच्या किनाऱ्यावर खाण्याजोग्या जाती पकडून अशाच मुरवून परदेशी पाठवतात. सगळ्या जाती चालत नाहीत, लांब तंतूंच्या तर नाहीतच. जाड बाहूंच्या, त्या दुधी जातकुळीतल्या चालतात. काम झटपट करावं लागतं, कारण पाण्याबाहेर तो काही तासांत विरघळायला लागतो.

त्याने सगळं ऐकून घेतलं. तुरटीचं प्रमाण विचारलं, किलोला काय भाव येतो ते विचारलं. भाव मला सांगता आला नाही. मग तो म्हणाला, "घेणारो कोण आसा, तेका हंय धाडा. पैसे रोख. आमी उद्याच जाळी टाकतंव."